लाइनमन दाखवण्याचा कार्यक्रम

मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी, ओसाकातल्या आमच्या घरी एका प्लेट कांदेपोह्यांचे पाचशे येन रोख मिळाले. हजर चौघे: मी, बायको, बारावीतला मुलगा आणि एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच. पैसे कोचनी दिले. आम्ही मागितले नव्हते. ज्या मुलाला पारखायला आलो त्याच्या घरचं फुकट खायचं नाही, असा त्यांच्याकडे नियम आहे, हे त्यांनी नाणं टेबलावर ठेवतानाच सांगितलं. बायकोचा चेहरा पडला. माझा उजळला, कारण नियम पाळणारा माणूस मला लगेच आवडतो.

"मुलगी बघायला येणाऱ्यांना हा नियम असता तर आमच्या बाबांचे बरेच पैसे वाचले असते," बायको मराठीत म्हणाली.

"काय म्हणतायत ओकासान?" कोचनी मला विचारलं. ओकासान म्हणजे आई आणि ओतोसान म्हणजे बाबा. मुलांच्या आईवडिलांना इथे शिक्षक, डॉक्टर, कोच सगळे याच नावाने हाक मारतात.

"आभार मानतेय," मी म्हटलं.

आम्ही बँकेच्या तीन वर्षांच्या बदलीवर मुंबईहून ओसाकाला आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तीन वर्षं लांबत गेली आणि मुलगा रुंद होत गेला. बालवाडीत तो वर्गाच्या फोटोत मागे उभा असायचा. माध्यमिक शाळेत फोटोच त्याच्यापासून सुरू व्हायचा. हायस्कूलला गेला त्या पहिल्याच आठवड्यात फुटबॉलच्या क्लबातल्या चार मोठ्या मुलांनी त्याला जिन्यात गाठलं आणि तो तिथून थेट मैदानावर गेला. घरी येऊन म्हणाला, मी लाइनमन झालो.

तो खेळ मी नंतर नियमपुस्तक वाचून समजून घेतला. एकूण अकरा जण. त्यातले पाच पुढे एका ओळीत उभे राहतात, ते लाइनमन. त्यांच्या मागे क्वार्टरबॅक असतो, म्हणजे चेंडू फेकणारा. समोरच्या संघाला त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच या पाचांचं काम. सुरुवातीला मधला चेंडू मागे देतो, तेवढं सोडलं तर चेंडूला हात लावायचा नाही, समोरच्याला धरायचं नाही, फक्त मधे उभं राहायचं. त्यांच्या नावावर कधी गुण लागत नाहीत. चूक केली तर मात्र पंच शिट्टी वाजवून त्यांचा नंबर सगळ्या मैदानाला ऐकवतात. मी बँकेत ऑपरेशन्सला आहे. आमचंही काम नीट झालं तर कुणाला पत्ता लागत नाही. मुलगा घरचाच धंदा पुढे चालवतोय, असं मला वाटलं.

पण त्याला हे पुढे विद्यापीठात खेळायचं होतं, आणि तेही याच विद्यापीठात. खेळाच्या शिफारशीवर प्रवेश मिळाला तर जुन्या जपानी भाषेचा पेपर द्यावा लागत नाही. तो पेपर तो कितीदा दिला तरी पास होणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी त्याला सांगून ठेवलं होतं की शिफारस झाली नाही तर फुटबॉल बंद आणि वर्षभर अभ्यास. हे मी एकदाच बोललो होतो. मी एकदा बोललेलं बदलत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी कोचकडे लाइनमनची एकच जागा उरली होती आणि तिला उमेदवार दोन होते. एक आमचा, दुसरा क्योतोचा.

आता माझी कामगिरी सांगतो. वसंतातल्या स्पर्धेच्या पत्रकात मुलाची उंची एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर आणि वजन एकशे दहा किलो छापलं होतं. मी घरी मोजलं तर एकशे ऐंशी आणि एकशे चार. कोच घरी येणार असं ठरल्यावर मी त्यांना रीतसर कळवलं की पत्रकात उंची चारने आणि वजन सहाने जास्त छापलं आहे, कृपया नोंद घ्यावी.

मुलाला हे कळलं तेव्हा त्याने हातातली वाटी खाली ठेवली.

"बाबा, सगळ्यांचं तसंच छापतात."

"सगळ्यांचं खोटं असलं म्हणजे आपलंही असावं का?"

"हो," तो म्हणाला आणि वाटी उचलून आपल्या खोलीत गेला.

बायकोने या भेटीचं नाव पहिल्या दिवसापासून 'दाखवण्याचा कार्यक्रम' ठेवलं होतं. तिने त्याला नीट शिकवून ठेवलं: ताठ बस, विचारल्याशिवाय बोलू नकोस, पोहे एकदाच घे, पाहुण्यांसमोर हावरटपणा नको. मुलगा एरवी आमच्याशी जपानीत बोलतो. मराठी तो टोमण्यांपुरती राखून ठेवतो, कारण टोमणे त्याने आईकडून शिकलेत. त्याने मराठीत विचारलं, "नथ घालू का?"

"तुझ्या नाकाला पुरेल एवढी नथ नाही घरात," ती म्हणाली.

कोच माझ्याच वयाचे, पन्नाशीचे. तेही पूर्वी लाइनमन होते. मान आणि डोकं सारख्याच रुंदीचं, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खुर्चीवर ते आधी हात टेकून, अंदाज घेऊन बसले. खुर्ची कुरकुरली आणि टिकली. मला वाटलं होतं, ते मुलाला प्रश्न विचारतील. त्यांनी माझा हात मागितला.

"ओतोसान, जरा मनगट."

वैद्य नाडी बघतात तसं त्यांनी माझं मनगट अंगठा आणि मधल्या बोटात धरून पाहिलं. मग वाकून माझे घोटे पाहिले. मुलगा सतराचा आहे, त्याच्या अंगावर अजून किती चढेल हे आईवडिलांच्या हाडांवरून कळतं, असं त्यांनी समजावलं. "हाड चांगलं आहे," ते म्हणाले. आजवर माझ्या देहाबद्दल कुणी काही चांगलं बोललं असेल तर ते एवढंच.

"मामा आहेत का मुलाला? त्यांची उंची?"

"माझा भाऊ एकशे अठ्ठ्याहत्तर आहे," बायको म्हणाली. "सांगतो एकशे ब्याऐंशी."

कोचनी समाधानाने मान हलवली. असा मामा त्यांच्या ओळखीचा दिसला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मुलगा ताठ बसला होता आणि पोह्यांचे चार घास खाऊन चमचा खाली ठेवून बसला होता. कोचनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या प्लेटकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "अंगाने छान भरलाय मुलगा."

एवढ्यावर गप्प बसायचं होतं. पण मूल अंगाने भरलंय असं पाहुण्याने म्हटल्यावर कुठली मराठी आई गप्प बसेल?

"कसला भरलाय हो," ती म्हणाली. "काही खातच नाही हल्ली. वाळलाय नुसता."

कोचचा चमचा हवेत थांबला. "वाळलाय? कधीपासून?"

मी मध्ये पडलो. आमच्याकडे आई आपल्या मुलाला धष्टपुष्ट म्हणत नाही, म्हटलं तर दृष्ट लागते, हे मला सांगायचं होतं. पण माझं जपानी बँकेतलं. दृष्टीला मला शब्द सापडेना, म्हणून मी 'बाहेरच्या व्यक्तीच्या नजरेमुळे उद्भवणारी जोखीम' म्हटलं, आणि ती टाळण्यासाठी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा सांगायची आमच्याकडे पद्धत आहे, असं सांगितलं.

कोचनी शांतपणे ऐकून घेतलं. "समजलं," ते म्हणाले. "म्हणजे वजन किती उतरलं?"

मुलाचे कान लाल झाले होते.

"मी आधी एकशे शहात्तर आणि अठ्ठ्याण्णव धरलं होतं," कोच हिशोब करत म्हणाले. "आता ओकासान म्हणतात त्यावरून पंच्याण्णव धरतो. शंभराच्या खाली जरा कठीण होतं हो, ओतोसान."

"मी तुम्हाला एकशे ऐंशी आणि एकशे चार कळवलं होतं."

"हो, मिळालं ना."

"मग एकशे शहात्तर आणि अठ्ठ्याण्णव कुठून आलं?"

कोच थोडे अवघडले. मग त्यांनी सांगितलं की मुलाच्या घरून जो आकडा येतो त्यातून ते उंचीचे चार आणि वजनाचे सहा नेहमीच कमी करतात. इतकी वर्षं ते हेच करत आले होते आणि हिशोब कधी चुकला नव्हता.

"पण ते चार आणि सहा मी आधीच कमी करून पाठवले होते," मी म्हटलं.

कोचनी चमचा खाली ठेवला. "का?" त्यांनी विचारलं. ते खोचून बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

खरं आहे म्हणून, असं मी उत्तर दिलं. त्या खोलीत ते अगदी पोकळ वाटलं.

"लग्नाच्या वेळी ह्यांनी माझ्या बाबांना हातात येतो तेवढाच पगार सांगितला होता," बायको आता जपानीत बोलू लागली, म्हणजे ती पुरती रंगात आली होती. "सगळी स्थळं वाढवून सांगतात म्हणून बाबांनी त्यातला तिसरा हिस्सा वजा केला. मग दोन दिवस झोपले नाहीत, की आपली मुलगी खाणार काय."

"तरी दिली?" कोचनी विचारलं.

"हाड चांगलं होतं ना," ती म्हणाली.

मुलगा एवढंच म्हणाला, "मोजा." तेव्हा कुठे मला आठवलं की हा कार्यक्रम त्याचा होता.

मोजलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला त्याला उभं केलं, डोक्यावर जाड शब्दकोश आडवा ठेवला आणि बायकोच्या शिवणाच्या टेपने माप घेतलं. एकशे एकोणऐंशी आणि वर अर्धा. दिवसभरात माणूस थोडा दबतो, सकाळी पूर्ण एकशे ऐंशी भरतं, हे मी सांगितलं. कोचनी अर्धा सोडून दिला. वजनाला मात्र ते अडले. घरचा काटा घरच्यांच्याच बाजूने बोलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी तांदळाची दहा किलोची न उघडलेली पिशवी काट्यावर ठेवली. दहा किलो शंभर ग्रॅम.

"शंभर जास्त दाखवतो," कोच म्हणाले.

"पिशवीचं वजन," मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं नाही. मोजे काढून ते स्वतःच काट्यावर चढले. आपण एकशे बारा आहोत, असं त्यांनी चढायच्या आधीच जाहीर केलं होतं. काट्याने एकशे एकोणीस दाखवलं. ते उतरले, पुन्हा चढले. पुन्हा एकशे एकोणीस. मी तांदूळ परत काट्यावर ठेवला. दहा किलो शंभर ग्रॅम.

"पोहे," कोच शेवटी म्हणाले.

"एका प्लेटीत सात किलो बसत नाहीत," बायको मराठीत म्हणाली. "पण असू दे. पाहुणे आहेत."

मुलगा एकशे चार किलो सहाशे ग्रॅम भरला. कोचनी आकडा मान्य केला आणि त्यातून काहीही वजा केलं नाही. मला वाटलं, संपलं. पण ते पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले की खरी अडचण वजनाची नाही. क्योतोचा मुलगा याच्यापेक्षा आठ किलो जड आहे, पण वजन काय, चार वर्षांत चढवता येतं. याचे पाय चांगले आहेत, हा कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकतो, तेही छान. मात्र त्यांनी याचे दोन सामने पाहिले आणि दोन्हीत हा हुलकावणीला फसला. समोरचा डावीकडे गेल्यासारखं करतो, हा डावीकडे धावतो, समोरचा उजवीकडून निघून जातो. सुधारण्यासारखं असेल तर हा मुलगा घ्यावा, नसेल तर क्योतोचा.

"तेवढं कसं कळणार?" मी विचारलं.

कोचनी खोलीभर नजर फिरवली. आमच्या घराला दोन खोल्यांच्या मध्ये फुसुमा आहेत, म्हणजे लाकडी जाळीवर कागद चिकटवलेली सरकती दारं. ती एका बाजूला, भिंतीशी फ्रिज आणि मध्ये टेबल. टेबल बाजूला घेतलं तर जागा होत होती. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे खालच्यांना आवाज जायचाही प्रश्न नव्हता.

"तो फ्रिज म्हणजे क्वार्टरबॅक समजा," कोच म्हणाले. "ओतोसान, तुम्ही त्याला हात लावून या. हा तुम्हाला जाऊ देणार नाही."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि निघालो. फ्रिज समोर दिसत होता, म्हणून मी सरळ त्याच्याकडे गेलो. मुलगा मध्ये होता. मी उजवीकडे झालो, तो तिथे. डावीकडे झालो, तो तिथेही. एवढा मोठा मुलगा इतक्या लहान पावलांनी चालतो हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मी जोर लावला. त्याने दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवून मला किंचित बाजूला केलं, असं त्याचं म्हणणं आहे. मी खांद्याने फुसुमावर आदळलो आणि कमरेपर्यंत पलीकडच्या खोलीत गेलो. पाय जेवणाच्या खोलीतच राहिले.

कुणी हसलं नाही. मला बाहेर काढल्यावर मी पहिलं विचारलं की हे नियमात बसतं का. तळवे छातीवर असतील आणि धरलं नसेल तर बसतं, असं कोच म्हणाले.

"पण ओतोसान, तुम्ही हुलकावणी दिलीच नाहीत."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"ह्यांना पत्त्यांतसुद्धा येत नाही," बायको म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून पुढे आली. "सरका."

बायको सांगलीची. शाळेत असताना जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली. आता तिची पंचेचाळिशी उलटली आहे, पण त्या खोचलेल्या ओढणीने मला जरा भीतीच वाटली. ती मुलासमोर उभी राहिली, डोळे डावीकडे गेले, खांदा डावीकडे झुकला, मुलगा डावीकडे सरकला आणि ती उजवीकडून जाऊन फ्रिजवर थाप मारून आली. दुसऱ्या वेळी तिने त्याच्या पाठीमागे बघून नुसतं म्हटलं, "दूध उतू चाललंय." मुलगा वळला. फ्रिजवर थाप पडली.

"हेच," कोच हळू आवाजात म्हणाले. "सामन्यात हेच होतं." आणि ते चष्मा पुसू लागले. चष्मा पुसणाऱ्या वरिष्ठांना मी बँकेत पाहिलेलं आहे. कर्ज नामंजूर करायच्या आधी पुसतात. मुलालाही ते कळलं असावं. तो हात खाली सोडून जमिनीकडे बघत उभा होता.

बायको परत आली ती चिडूनच. गणितं सोडवून घेताना चिडायची तशी.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? तोंड खोटं बोलतं. खांदा खोटं बोलतो. कमरेकडे बघ. कमर जाईल तिकडेच माणूस जातो. कमरेला खोटं बोलता येत नाही, बाळा."

"काय सांगितलं?" कोचनी विचारलं. मी एकही शब्द न गाळता सांगितलं. चष्मा त्यांच्या हातातच राहिला.

तिसऱ्या वेळी तिने डोळे फिरवले, खांदा टाकला आणि वर "गॅस चालू राहिला" असंही म्हणून पाहिलं. मुलाने मान हलवली नाही. त्याचे डोळे तिच्या ओढणीच्या गाठीवर होते. गाठ उजवीकडे गेली, तोही गेला. चौथ्या वेळी तिने दोनदा दिशा बदलली, तो दोनदा तिथे होता. पाचव्या वेळी ती थांबली आणि सहाव्याचा विचार सोडून मटकन जमिनीवर बसली. तिला धाप लागली होती.

"मेल्या, आईला तरी जाऊ द्यायचंस," ती म्हणाली.

"आई, काही खातच नाहीस हल्ली," मुलगा मराठीत म्हणाला. "वाळलीयेस नुसती."

कोचनी मला भाषांतर विचारलं नाही. ते उठून मुलाजवळ गेले. त्याच्या शाळेतही त्याला कमरेकडे बघायला सांगितलं असणार, ते म्हणाले. सगळेच सांगतात. मुलं हो म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तोंडाकडे बघतात, त्यात वर्ष जातं. "तू तिसऱ्या वेळी का बदललास?"

मुलाने थोडा विचार केला. "आई पुन्हा आली असती," तो म्हणाला. "दमेपर्यंत आली असती."

निघताना कोच दारात बायकोसमोर माझ्यापेक्षा खूपच जास्त वाकले. काही वचन दिलं नाही, नियमात बसत नव्हतं. मुलाने त्या संध्याकाळी पातेल्यातले उरलेले सगळे पोहे खाल्ले. बायकोने त्याची मीठमोहरीने दृष्ट काढली. कुणाची लागली असेल, असं मी विचारलं तर म्हणाली, "एकशे एकोणीसची."

फुसुमाला पडलेलं भोक मला त्याच आठवड्यात दुरुस्त करायचं होतं. ती म्हणाली, निकाल लागेपर्यंत घरातली एकही वस्तू बदलायची नाही. असल्या गोष्टींवर तिचाही विश्वास नाही, पण माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता. दोन महिने आम्ही त्या भोकातून एकमेकांना हाका मारल्या. जुलैच्या शेवटी शाळेतून फोन आला. शिफारस आमच्या मुलाची झाली होती. फोन त्यानेच घेतला. जपानीत तीनदा हो म्हणाला, फोन ठेवला आणि फ्रिज उघडून त्यात डोकं घालून बराच वेळ उभा राहिला. काय शोधतोयस, असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुसुमावाल्यांना बोलावलं. सत्तरीचे आजोबा आले. त्यांनी भोक पाहिलं, मग मला पाहिलं, मग भोकाची रुंदी हाताने मोजली.

"लहान मूल नाही हे," ते म्हणाले.

"नाही. मी आहे."

घरमालकाकडून पैसे मिळवायचे असतील तर पावतीवर 'नेहमीची झीज' लिहून देतो, असं त्यांनी सुचवलं. बायको मागून मला खुणावत होती. मी म्हटलं, झीज नाही, धक्का आहे, तसंच लिहा. त्यांनी तसं लिहिलं. नव्या कागदाचा रंग शेजारच्या दारांशी जुळत नाही, चारही बदलून घ्या, असंही ते म्हणाले. मी एकच बदलून घेतलं. कागद, मोडलेली जाळी, मजुरी आणि कर धरून सहा हजार सहाशे येन झाले. ते मी आजोबांच्या हातात रोख दिले.